माळावरचं वळण

माळावर ना झाड, ना कुंपण. तरी शेळ्या राखणारी म्हातारी रोज नाकासमोर चालत यायची, मधेच काटकोनात वळायची आणि पन्नासेक पावलांवर पुन्हा वळायची. गाडलेलं शहर शोधायला रडारची गाडी ढकलत फिरणाऱ्या सर्वेक्षकबाईंना हसू आवरेना.

"आजी, सरळ गेलात तर पायपीट वाचेल की!"

"माझी सासू इथूनच वळायची. तिची सासूसुद्धा."

"पण का?"

"सासूला का म्हणून विचारायची सोय होती का, बाई?"

आठवड्याभराने पडद्यावर नकाशा उमटला. दोन हजार वर्षं मातीखाली निजलेले रस्ते, गटारं, चौक. सगळं पट्टीने आखल्यासारखं. बाईंनी गंमत म्हणून ड्रोनने टिपलेली म्हातारीची पायवाट त्यावर ठेवली. पायवाट तंतोतंत रस्त्यावरून चालली होती. म्हातारी वळायची तिथे, खाली, एका घराचा कोपरा होता.

दुसऱ्या दिवशी माळ ओलांडताना बाई त्या जागी थबकल्या. समोर सगळं मोकळं रान. पण लोकांच्या घरातून बूट घालून कसं जायचं?

त्या वळल्या.