पूजेतला पाना

वाल्मीकची मोटारसायकल जागेवर नव्हती.

कुंदन झेंडूची पिशवी हातात घेऊन गॅरेजच्या दारात तसाच उभा राहिला. त्या गाडीच्या मागच्या चाकाचा नट त्याने नुसता बोटांनी फिरवून ठेवला होता. पान्याने आवळलाच नव्हता.

चूक कालची, खंडेनवमीची. मखमलाबादच्या वाल्मीकने ब्रेकला लोकल लायनर आणून दिले होते. कंपनीचे घे म्हणून कुंदनने परोपरीने सांगितलं, पण हौसेने पितळी हॉर्न बसवणारी माणसं ब्रेकच्या बाबतीत काटकसर करतात. लोकल लायनर जाड निघाले. ते घासून घासून ड्रममध्ये बसवेपर्यंत संध्याकाळ झाली. चाक चढलं, नट लागला, आणि तेवढ्यात कुंदनच्या बापाने, पुंजारामने, त्याच्या हातातून पाना काढून पूजेच्या पाटावर ठेवला.

अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून घालवलेला हा म्हातारा देवाला एकवेळ विसरेल, पण अवजारांची पूजा विसरणार नाही. खंडेनवमीला मांडलेलं अवजार दसऱ्याच्या आरतीपर्यंत हलवायचं नाही, हा त्याचा कायदा. गेल्या वर्षी कुंदनने एका गिऱ्हाइकासाठी स्क्रू ड्रायव्हर उचलला, तर म्हातारा चार दिवस त्याच्याशी बोलला नव्हता. म्हणून काल कुंदन गप्प बसला. वाल्मीक गाडी दसरा झाल्यावर नेणार होता. उद्या आवळू, असं म्हणून त्याने हात धुतले.

पुंजाराम ओट्यावर आपट्याची पानं निवडत बसला होता. वाल्मीक कुठे गेला, असं कुंदनने विचारलं. पहाटेच येऊन किल्ली घेऊन गेला, बायको-पोरीला घेऊन गडावर निघालाय, असं म्हाताऱ्याने वर न बघता सांगितलं.

गड म्हणजे सप्तशृंगीचा घाट. चढताना फारसं काही होणार नाही. पण उतारावर, वळणावर, चाक हललं तर पुढे नुसती दरी.

तेव्हाच बापाला सांगून टाकायला हवं होतं. पण ते कुंदनला जमलं नाही. सव्वीस वर्षांचा, लग्नाला आलेला गडी, पण बापापुढे अजून शेपूट घालायचा. तो पुंजाराम आंघोळीला जायची वाट बघत राहिला. त्यात पंधरा मिनिटं गेली. मोरीत पाण्याचा आवाज सुरू झाल्यावर त्याने पाटावरचा मोठा पाना उचलला. त्याच्यावरचं फूल आधीच घरंगळलेलं होतं. मोकळ्या जागेवर त्याने मूठभर झेंडू पसरले आणि स्कूटरला किक मारली.

दिंडोरी रस्त्याला गाड्यांची रांग होती. प्रत्येक गाडीला हार. मोबाइल तेव्हा बिल्डर लोकांकडेच असायचे, वाल्मीकला निरोप धाडायला काही साधन नव्हतं. कुंदन रस्त्याच्या कडा बघत चालला होता. दिंडोरीच्या पुढे एका वळणावर माणसांचा घोळका दिसला. स्कूटर लावून तो पुढे गेला, पण माणसांच्या खांद्यांवरून डोकावायचा धीर होईना. शेवटी डोकावला. आत बोकडाचा सौदा चालला होता.

त्याला रडू आलं. त्या चार वर्षांच्या पोरीला त्याने कालच पेट्रोलच्या टाकीवर बसवून हॉर्न वाजवू दिला होता. तिला काही झालं, तर ती पंधरा मिनिटं आपल्या नावावर राहतील, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. देवीचा कोप, बापाचा राग, सगळं आता त्याला किरकोळ वाटत होतं. त्याला फक्त ती गाडी उभी दिसायला हवी होती.

ती त्याला नांदुरीत दिसली, घाटाच्या पायथ्याशी, चहाच्या टपरीसमोर. वाल्मीक बशीतून चहा पीत होता. बायको छाया पोरीला बिस्कीट भरवत होती. कुंदन कोणाशी काही न बोलता गाडीच्या मागे बसला, नटाला पाना लावला आणि सगळा जोर काढून ओढला.

नट जागचा हलला नाही. त्याने पुन्हा ओढलं. नट गच्च होता.

वाल्मीक बशी खाली ठेवून उठला आणि आता अजून काय राहिलं म्हणून विचारायला लागला. कुंदन खाली बसूनच म्हणाला, "दादा, माझी चूक झाली. काल हा नट मी नुसता हातानं लावला होता. अण्णांच्या भीतीनं पाना उचलला नाही."

"तो तर तुझ्या अण्णांनीच आवळला पहाटं. गाडी भाहेर काढताना नट चाचपला, मंग पाटापुढं लय येळ हात जोडून उभे राहिले, आन् पाना उचलला," वाल्मीक म्हणाला. "वर मला शपथ घातली. म्हणले, कुंदनला कळू देऊ नको, बापानंच पूजा मोडली म्हणून पोरगं भिईल."