फोटोपुरतं

"घड्याळ काढा," रामनाथ म्हणाला. "आणि ते कपाटही."

सुंदराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. राजारामने स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि शेजारच्या प्रेमाच्या हातात दिलं.

रामनाथ वाकोल्याच्या त्या वस्तीतला पक्षाचा माणूस. पुढारी मधुकरराव, वस्तीचे भाऊ, आज येणार होते, एका गरिबाघरी बसून रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खाणार होते. वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढणार होता. फोटोवाल्याला मागे सरायला जागा होईल असं वस्तीत हे एकच घर, म्हणून रामनाथने हेच निवडलं. मधुकररावांनी वस्तीला नळ द्यायचा शब्द दिला होता. नाही म्हणायची सोय नव्हती.

सुंदराबाईंनी पहाटे उठून जमीन सारवली होती. स्टीलची भांडी राखेने लख्ख घासून फळीवर मांडली होती. रामनाथ ती एकेक करून खाली उतरवू लागला.

"भांडी तरी राहू द्या, दादा. पोरीच्या लग्नाची आहेत."

"म्हणूनच म्हणतो, मावशी. एवढं स्टील फोटोत आलं तर भाऊ बोलणार कशावर? आणि ही साडी बदला. एखादं जुनेर असेल ना?"

रामनाथबरोबर आलेल्या चौघांनी मिळून लोखंडी कपाट प्रेमाच्या घरात नेलं. त्यामागून खाट गेली, भांडी गेली. राजाराम बाबासाहेबांची तसबीर उतरवायला गेला, तेव्हा रामनाथने त्याचा हात धरला.

"ती राहू दे. ती यायला पाहिजे फोटोत."

प्रेमा दारातून सगळं बघत होती. "काय रे रामनाथ, भाऊंच्या बंगल्यातून काय काय बाहेर काढलं मग?"

"तिथे फोटोवाला जात नाही," रामनाथ म्हणाला. चौघेही हसले.

लग्नाची पोरगी राधा कोपऱ्यात उभी होती. काल नाहूरचे पाहुणे तिला बघून गेले होते. मुलाचे वडील धोंडिराम यांनी घरही डोळे भरून पाहिलं होतं, जाता जाता कपाटावर बोटांनी टकटक केली होती आणि मान डोलावली होती. आज संध्याकाळी ते पक्कं करायला येणार होते.

"संध्याकाळपर्यंत सगळं जागच्या जागी लागेल गं," राजाराम बायकोला म्हणाला.

मधुकरराव पायी आले. गाडी लांब हायवेवर उभी करून आले. अंगात जाडीभरडी खादी. डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढा गोरा वळ तेवढा राहिला होता. ते सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसले. दारात माणसं दाटली. दारासमोरच्या खांबाला कर्णा बांधला होता, त्याचा माईक रामनाथने त्यांच्यापुढे धरला.

"बघा हे घर," मधुकरराव म्हणाले. "भिंतीला खिळा आहे, त्याला घड्याळ नाही. फळी आहे, तिच्यावर भांडं नाही. घरात लग्नाची मुलगी, आणि तिला द्यायला एक पेला नाही. कुठे गेला तो पेला? बंगलेवाल्यांनी गिळला. खरं की नाही, माय?"

सुंदराबाईंनी जुनेराचा पदर पुढे ओढला.

"खरं की नाही?"

फोटोवाला गुडघ्यावर बसला होता. राजारामने बायकोकडे बघून हलकेच घसा साफ केला. दारातल्या बाया रिकाम्या कळशा घेऊन उभ्या होत्या.

सुंदराबाईंनी मान हलवली. डोळ्यांपुढे लख्ख उजेड झाला.

मधुकररावांनी भाकरीचा एक घास खाल्ला. दुसरा फोटो निघेपर्यंत हातात धरला आणि ताटात ठेवून दिला. मग उभ्या उभ्याच अख्खा तांब्या ओतून हात धुतले. गर्दी त्यांच्यामागे हायवेकडे निघाली.

गर्दी गेली तेव्हा कर्ण्याच्या खांबाशी एकच माणूस उभा राहिलेला दिसला. धोंडिराम. त्यांची कामावरची पाळी बदलली होती, म्हणून ते सकाळीच आले होते. ते शेजारच्या प्रेमाच्या उघड्या दाराकडे बघत होते. आत कपाट होतं, खाट होती. उंबऱ्याशी भांड्यांचा ढीग होता.

सुंदराबाई पदर सारखा करत पुढे आल्या. "पाहुणे, आत या ना. चहा टाकते."

"हे सामान कुणाचं?"

"आमचंच. फोटोपुरतं इकडे ठेवलंय."

"आणि काल आमच्यापुरतं तिकडे ठेवलं होतं?"

"पोरीची शपथ घेते, आमचंच आहे."

"एवढा मोठा माणूस चार लोकांत कर्ण्यावर बोलला. तो खोटं बोलला म्हणता?" धोंडिरामांचा आवाज चढला नाही. "आणि तुम्ही मान हलवलीत. मी गर्दीतून पाहिलं."

राजाराम धावत आला. "दादा, कपाट उघडून दाखवतो. किल्ली माझ्याकडेच आहे."

"उसनं देणारा किल्लीही देतो."

त्यांनी ढिगातली एक नवी कळशी उचलली, उजेडात धरून गोल फिरवली. मग उलटी करून बूड पाहिलं.

"माणूस आपल्या भांड्यावर आपलं नाव घालून घेतो, बाई. आमच्या घरी साध्या वाटीवर नाव आहे. ह्याच्यावर कुठाय?"

"तुमचं घालायचं होतं," सुंदराबाई म्हणाल्या. "आज पक्कं झालं की उद्या घालायचं होतं. राधेच्या सासरचं."

धोंडिराम थोडा वेळ त्यांच्या अंगावरच्या जुनेराकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी कळशी प्रेमाच्या उंबऱ्याच्या आत नीट ठेवली.

"बघून घ्या, ताई," ते प्रेमाला म्हणाले. "तुमचं अजून काही त्यांच्याकडे राहिलं असेल."