पहिलीचे नियम

फळ्यावर सरांनी पहिला नियम लिहिला : 'शिक्षक बोलत असताना मध्ये बोलू नये.' अक्षर ठसठशीत, ओळ पट्टीने आखल्यासारखी सरळ.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तिचे पुढचे दोन दात पडले होते. "सर, आम्हाला जोडाक्षरं अजून येत नाहीत."

सर फळा पुसायला लागले. तेवढ्यात तिने येऊन डस्टर त्यांच्या हातातून काढून घेतलं. "फळा आम्ही पुसतो. बाईंना नाही पुसू देत."

बावीस वर्षं सरांनी नववी-दहावीला भूमिती शिकवली होती. पहिलीचा वर्ग त्यांनी फक्त दारातून पाहिला होता, शाळा सुटल्यावर बायकोला घ्यायला येताना. हा तिचा वर्ग. दोन आठवड्यांपूर्वी, रविवारी सकाळी, ती खुर्चीत बसल्या जागी गेली. ध्यानीमनी नसताना. डॉक्टर म्हणाले, हृदय. मेहुणी म्हणाली, "नशीबवान, त्रास झाला नाही." सर दोघांनाही "बरं" म्हणाले.

मेहुणी आठवडाभर राहिली. "भावोजी, एकदा रडून मोकळे व्हा," असं रोज म्हणायची. सर मान हलवायचे आणि नववीच्या वह्या पुढ्यात ओढायचे. त्रेचाळीस वह्या तपासून संपल्या, तेव्हा त्यांनी पहिल्यापासून पुन्हा तपासायला घेतल्या.

मग मुख्याध्यापिकेने बोलावलं. "पहिली तुम्ही घ्या. माझ्याकडे दुसरं कोणी नाही. आणि मुलांपुढे काही बोलू नका. बाईंची बदली झाली असं सांगितलंय. एवढीशी पोरं, धसका घेतील."

"बरं," सर म्हणाले.

आता समोर सव्वीस मुलं होती आणि फळा कोरा होता.

"मग तुम्हीच सांगा, वर्गात कसं वागायचं?"

"टोक केल्यावर कचरा डब्यात टाकायचा."

"खोडरबर विचारून घ्यायचं."

"शू लागली तर तास संपायची वाट बघायची नाही," मागच्या बाकावरचा गोल चेहऱ्याचा मुलगा म्हणाला. त्याला सगळे भोपळ्या म्हणत. "मी बघितली होती एकदा."

कोणी हसलं नाही.

"बाई बसल्या असतील तर त्यांना उठवायचं नाही," दात पडलेली म्हणाली. "वही आपण घेऊन जायची."

सरांनी खडू खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं. वर्गभर फिरून वह्या तपासाव्यात, बसून शिकवू नये, असं नव्या शिक्षकांना ते स्वतःच सांगत आले होते. पण बायकोच्या मागे तिची चूक कुठे काढायची? त्यांनी लिहिलं : 'वही आपण घेऊन जावी.'

चार दिवस सगळं नियमाप्रमाणे चाललं. सर हजेरी घेत, पाढे म्हणून घेत, घंटा झाली की घरी जात. घरी जाऊन काय केलं ते त्यांना दुसऱ्या दिवशी आठवत नसे. मुलं शहाण्यासारखी वागत होती. जरा जास्तच शहाण्यासारखी, असं एकदा त्यांच्या मनात आलं, पण तो विचार तिथेच राहिला.

शुक्रवारी भोपळ्या वही घेऊन टेबलापाशी आला. त्याच्या गळ्यातली बाटली कलंडली, झाकण उघडं होतं. पाणी हजेरीपटावर सांडलं. सरांनी पट उचलेपर्यंत उशीर झाला. त्या रविवारपर्यंतचं सगळं बायकोच्या अक्षरातलं होतं. सव्वीस नावांची निळी शाई पसरून एक झाली.

सर ओरडले. काय ओरडले ते त्यांनाही कळलं नाही. डस्टर टेबलावर आपटलं, खडूची पूड उडाली, आणि ते पुन्हा ओरडले. आवाज पार गेटपर्यंत गेला असावा.

मग ते थांबले. आता रडारड होणार, पालक येणार, मुख्याध्यापिका येणार.

कोणी रडलं नाही. सव्वीस मुलांनी पेन्सिली खाली ठेवल्या होत्या. हाताची घडी घालून सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि पुटपुटत होते. सरांनी कान दिला.

"...अठरा, एकोणीस, वीस."

दात पडलेली उठली. कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून तिने टेबलावर ठेवला. "प्या सर."

सर खुर्चीवर बसले. "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"नाही. भोपळ्या तुमच्यापेक्षा मोठ्यांदा ओरडतो."

"कधी?"

"सर-सर खेळताना. रोज शेवटच्या तासाला. भोपळ्या सर व्हायचा."

"मला बाईंनीच सांगितलं होतं ओरडायला," भोपळ्या घाईने म्हणाला.

सरांनी पेला हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. "काय सांगितलं होतं बाईंनी?"

"माझ्यानंतर सर येतील. पहिले थोडे दिवस गप्प राहतील, मग एकदा ओरडतील. ते तुमच्यावर नसतं. वीसपर्यंत मोजा आणि पाणी द्या." दात पडलेली पाठ केल्यासारखं म्हणाली. "मोठ्या बाई पण एकदा हा खेळ बघायला आल्या होत्या. ऑफिसातल्या. त्यांनाच मग खरं सांगवेना, म्हणून बदली म्हणाल्या. बाई गेल्या ते आम्हाला माहितीये."

"कधीपासून खेळत होता हा खेळ?"

तिने बोटांवर मोजलं, मग मोजायचं सोडून दिलं. "बाईंच्या छातीत दुखायला लागलं ना, तेव्हापासून."

बाहेर कुठल्या तरी वर्गाची कवायत चालू होती. सरांनी पेला खाली ठेवला.

"मला कोणीच कसं सांगितलं नाही?"

मुलीने मागे वळून वर्गाकडे पाहिलं. भोपळ्याने मान हलवली, तशी ती पुढे वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई म्हणाल्या, सरांना कळलं तर त्यांना झोप लागणार नाही. आपण सव्वीस जण आहोत, आपण वाटून घेऊ."