दचकल्यावर काय म्हणायचं

निजामाचं वॉरंट निघालं, तसा चारठाण्याचा काशीनाथ शेजारच्या कासीमचाचांकडे लपला. दाढी वाढेपर्यंत चाचा त्याला आपलं बोलणं शिकवत होते. "उद्याचं बोलताना इन्शाअल्ला, कवतिकाला माशाअल्ला. पन दचकून 'आई गं' म्हनलास तर मेलास, बेटा!" असं बजावून ते रोज अवचित मागून धपाटा घालायचे.

मुसलमानी वेशात हद्दीकडं निघालेल्या काशीनाथची नाक्यावर रझाकारानं एकदम मानगूट धरली. "या अल्ला!" तो ओरडला, आणि सुटला.

हद्दीपलीकडं, वऱ्हाडात, निजामाविरुद्ध लढणाऱ्या आपल्या पोरांची छावणी दिसली. त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात झाडाआडून आलेल्या त्यांच्याच पहारेकऱ्यानं त्याच्या पाठीला बंदूक टेकवली.

 

"या अल्ला!" काशीनाथच्या तोंडून निघून गेलं.