फवारणीचं पेट्रोल

चढ लागला आणि गाडीनं मागं निळा धूर सोडला. उकंडरावांना मागं वळून बघायची गरजच पडली नाही. वास नाकात शिरला तसा त्यांनी तो ओळखला. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दोरी ओढली की हाच वास येतो.

म्हणजे भलतीच कॅन उचलली होती. बहिणीच्या शेडनेटवरून निघताना सून सुचिता म्हणाली होती, "मामाजी, तेवढं कॅनमधलं पेट्रोल गाडीत टाका." तिथं कॅन दोन होत्या. उकंडरावांनी भरलेली बघून घेतली आणि पंपासाठी ऑइल मिसळून ठेवलेलं पाच लिटर, शेवटचा थेंब झटकून, मोठ्या मायेनं टाकीत रिकामं केलं.

आता त्यांच्या मांडीवर बर्फाचा डबा होता आणि डब्यात परागाच्या चार कुप्या. मिरचीच्या बियाण्याचं काम म्हणजे नुसता जिवाला घोर. दुपारी बायांनी चिमट्यानं एकेका कळीतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या सकाळी त्याच कळ्यांना नराच्या झाडाचे पराग लावायचे, तेही ऊन तापायच्या आत. काल अडीच हजार कळ्या तयार झाल्या आणि नेमक्या घरच्या नराच्या झाडांनी मर लागून माना टाकल्या. म्हणून ही बहिणीकडची धावपळ. दहाच्या आत कुप्या पोचल्या नाहीत तर सगळ्या कळ्या गळणार होत्या. सुचिताच्या नावावरचा हा पहिलाच प्लॉट. कळ्यांची गळ झाली तर प्लॉट बाद, असं बियाणं कंपनीचा साहेब बजावून गेला होता.

"मामाजी, धूर काऊन येऊन राह्यला?" गाडी चालवता चालवता सुचितानं विचारलं.

उकंडरावांनी खिडकीबाहेर बघितलं.

गाडीला त्यांनी कधी गाडी म्हटलंच नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी मुलानं, भागवतनं, ती दारात आणून लावली तेव्हा ते म्हणाले होते, "साबनाच्या डबीले चाकं लावले यानं!" तेव्हापासून तिच्यात पाय म्हणून ठेवला नाही. लग्नाकार्याला सगळं घर गाडीतनं जायचं आणि हे आपले एसटीनं. भागवत मात्र गाडीचं कौतुक सांगायला लागला की ऐकणाऱ्याचा चहा थंड व्हायचा. दोनदा बॅटरी बदलली, एकदा क्लच, बाकी रस्त्यात कधी उभी राहिली नाही, एकदाबी नाही! उकंडरावांना ही फेकाफेक वाटायची. आज भागवत जालन्याला गेलेला, कुप्या सरळ धरायला माणूस हवा, म्हणून नाइलाजानं ते बसले होते. आणि बसले ते असे.

गाडीनं आचका दिला. डब्यात कुप्या किणकिणल्या.

"सुचिता," उकंडराव म्हणाले, "म्या पंपाचं टाकलं. ऑइलवालं."

सुचितानं एकदा त्यांच्याकडं बघितलं. तिचे डोळे भरून आले.

"आता सांगता, मामाजी? बंद पडली तं काय करू मी? थांबवू का?"

"नोको थांबवू! थांबली तं उठाची नाही थे."

तिनं दुसरा गिअर टाकला. गाडी कण्हल्यासारखी झाली, पण चालली. मागून मोटारसायकलवरचं एक पोरगं नाक दाबून पुढं निघालं आणि जाता जाता ओरडलं, "ओ आजोबा, मच्छर मारून राह्यले का?"

एरवी उकंडरावांनी त्याचा सात पिढ्यांसकट उद्धार केला असता. आत्ता त्यांचं सगळं ध्यान त्या आवाजात होतं. भक् भक् करता करता आवाज मध्येच तुटायचा आणि त्यांचा श्वास अडकायचा. मग कुठनंतरी जीव आणून ती पुन्हा धरायची. पुन्हा तुटायची, पुन्हा धरायची. डाव्या हातानं त्यांनी डबा छातीशी घेतला होता आणि उजवा कधी पुढच्या फळीवर जाऊन टेकला ते त्यांनाही कळलं नाही.

"चाल माय," ते पुटपुटले. "चाल."

माणसाच्या पोटात असं भलतंसलतं गेलं असतं तर त्यानं आठ दिवस अंथरूण धरलं असतं. ही डबी दोन माणसं घेऊन चढ चढत होती. एवढं नवल उकंडरावांनी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं, आणि ते चौदा वर्षं घरच्या दारात उभं होतं.

चढ संपला. पुढचे आठ किलोमीटर गाडी तशीच धूर सोडत धावली.

घरच्या शेडनेटच्या तोंडाशी पोचले तेव्हा दहाला बारा मिनिटं कमी होती. धूर लांबूनच दिसला होता. बाया बाहेर येऊन उभ्या होत्या. गाडी थांबायच्या आत तानाबाईनं खिडकीतनं डबा ओढून घेतला, कुप्या उन्हाला धरून बघितल्या आणि हाळी दिली, "कोरड्या हायत वं, पाणी नाही शिरलं! चाला, लागा!" सगळ्या बाया पदर खोचत आत पळाल्या.

सुचितानं चावी फिरवली. इंजिन एकदा हादरलं आणि शांत झालं. तिनं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. ती रडत होती की हसत होती, कुणास ठाऊक.

तानाबाई पाण्याचा तांब्या घेऊन परत आली. "घ्या बाबा, घसा वाळला असंन."

वाळलाच होता. उकंडराव उतरले, त्यांनी तांब्या हातात घेतला आणि ते तसेच उभे राहिले. औतावरून आल्यावर बैलांच्या आधी त्यांनी कधी घोट घेतला नव्हता.

"प्या ना, मामाजी," सुचिता डोळे पुसत म्हणाली.

उकंडराव तांब्या घेऊन गाडीच्या पुढं गेले, वाकले, इकडून तिकडून बघितलं.

"पयले हिले," ते म्हणाले. "हिचं तोंड कुठं हाय?"