चालत्या पट्ट्यास हात लावू नये

“‘हात लावू नये’ एवढ्यानं बाबल्या ऐकायचा नाही,” असं म्हणून सखाराम मास्तरांनी फळीवरची ओळ ओल्या फडक्यानं पुसली.

भाताच्या गिरणीचे मालक बाळाशेठ समोर उभे होते. इंजिनाबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकातल्या धोक्याच्या सूचना मराठीत लिहायला त्यांनीच मास्तरांना भर दुपारी शाळेतून बोलावलं होतं. दसऱ्यापासून मास्तर त्यासाठी मागे लागले होते. इंजिनावर त्यांचा धाकटा भाऊ बाबल्या होता, आणि पट्टा सरकला की इंजिन बंद न करता तो हातानंच ढकलायचा. मास्तरांच्या जिवाला घोर होता तो एवढाच. पण पूजेच्या यंत्रावर मरणाचं नाव नको, म्हणून शेठनी तेव्हा त्यांना उडवून लावलं होतं.

“मग काय लिवणार?”

“‘पट्टा सरकल्यास आधी इंजिन बंद करावे. चालत्या पट्ट्यास हात लावणारा मरेल.’ पण मरण आलं हो त्यात.”

“येऊ दे. मोठ्या अक्षरांत लिवा.”

उशिरा का होईना, माणसाला अक्कल आली, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी काजळाच्या शाईत कुंचला बुडवला.

गिरणी आज गप्प होती. गडीही दिसत नव्हते.

“बाबल्या कुठं गेला?”

“पट्टा तुटलाय. नवा बोटीनं यायचा हाय. गड्यांना सुट्टी दिली.”

अक्षरं वाळल्यावर शेठनी फळीवर मूठभर कोंडा चोळला. “नव्याला दृष्ट लागते, मास्तर.”

मास्तर हसले. नव्या होडीलाही तीट लावणारी ही माणसं.

फळी खिळ्याला टांगून होते तोच फौजदार दोन पंचांना घेऊन आत शिरले. गिरणीची तपासणी असावी, असं मास्तरांना वाटलं. फौजदारांनी फळी मोठ्यानं वाचली.

“ही कधीपासून आहे?”

“दसऱ्यापासून, साहेब. ह्या मास्तरांनीच लिवली. विचारा.”

मास्तर क्षणभर घुटमळले. पण खरं सांगावं, तर शेठ चिडून उद्या फळी उतरवणार, आणि बाबल्या पुन्हा हात घालणार. भावाच्या जिवापुढे एवढ्याशा खोट्याचं ते काय?

“होय साहेब,” ते म्हणाले. “दसऱ्यापासून.”

“म्हणजे चूक मयताचीच,” फौजदारांनी पंचांना सांगितलं.

शिपायानं इंजिनामागचं गोणपाट बाजूला केलं. खाली बाबल्या होता.