रविवारचा भार

मेकॅनिक डेलने वर्लीनकाकूंच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअरचं तेल बदललं, नळ्या तपासल्या, तरी दर रविवारी चर्चहून परतताना ती दुसऱ्या गिअरमध्येच अडकायची. एरवी लोण्यासारखी चालायची. शेवटी एका रविवारी तो स्वतःच काकूंच्या शेजारी बसला.

गाडी कण्हत निघाली. तिसरा गिअर काही पडेना.

"माणसं कोंबल्यासारखी ओढतेय. मागे काय ठेवलंय?"

"माझं कपाळ!"

गाडी थांबताच डेल उतरून मागे गेला. सीट रिकामी होती, पण गाडी मागून पार चाकांपर्यंत दबली होती.

"आमचे ऑर्विल होते तेव्हा चर्चमधल्या म्हाताऱ्या बायकांना घरोघर सोडायचे," काकू हळूच म्हणाल्या. "आता त्यांतलं कुणीच उरलं नाही. मी सरळ घरी जाते."

डेल परत त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"मग सोडूया की, काकू."

त्यांतल्या पहिल्या बाईच्या घराला कुलूप होतं. डेलने गाडीचं मागचं दार उघडलं आणि ओशाळतच हात पुढे केला.

हातावर भार आला. गाडीची मागची बाजू किंचित वर उचलली गेली.

भार मात्र हातावर तसाच राहिला. पोर्चच्या पायऱ्या अजून चढायच्या होत्या.